मुलीला घोडा हवाय? विकत घ्यायच्या आधी लीजचं सगळं समजून घ्या

इकडे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात पोरं समर कॅम्पला एकदा घोड्यावर बसली की वर्षा-दोन वर्षांत घरात तो प्रश्न येतोच, आई आपण घोडा घ्यायचा का. आपल्या डोक्यात घोडा म्हणजे माथेरानचा नाहीतर वरातीतला, त्यामुळे आधी आपण हसण्यावारी नेतो. पण पोरगी आठवड्यातून दोनदा लेसनला जातेय, शनिवारी सकाळी न उठवता उठून बार्नमध्ये शेण काढायला तयार होतेय, आणि ट्रेनर पण म्हणतेय की लेसनच्या घोड्यांवर हिचं शिकणं आता अडकलंय, तेव्हा मग विषय टाळता येत नाही. अशा वेळी विकत घेण्याच्या अलीकडची पायरी म्हणजे लीज. घोडा मालकाचाच राहतो, ठरलेल्या मुदतीपुरता वापर आपला आणि त्याबरोबर सांभाळायची जबाबदारी पण, थोडी किंवा सगळी, ते करारात जसं ठरेल तसं.

सुरुवातीलाच सांगते, लीज स्वस्त पडतं म्हणून घेत असाल तर थांबा. फुल लीज दर महिन्याला मालकीपेक्षा महाग पडू शकतं, आकडे खाली देतेच. लीजमध्ये तुमची सुटका होते ती पुढच्या पंधरा वर्षांतून. घोडा नीट सांभाळला तर २५ ते ३० वर्षं जगतो आणि मुलांना जो शांत, शिकलेला घोडा लागतो तो साधारण १० ते १६ वर्षांचा असतो. मुलगी १२ची असताना १२ वर्षांचा घोडा घेतला तर ती कॉलेजला निघेल तेव्हा तो १८चा, उडीबिडीचं काम संपत आलेलं, आणि पुढे त्याला नुसतं चरायला एखाद्या रिटायरमेंट फार्मवर ठेवायचे महिन्याला ५०० डॉलर धरले तरी वर्षाचे ६,००० आणि आठ वर्षांचे ४८,००० होतात, ते पण कोणी त्यावर बसत नसताना आणि तिकडे कॉलेजची फी चालू असताना. म्हातारा घोडा सहजासहजी कोणी घेत नाही. ऑक्शनला गेला तर पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नाही, अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्येच बंद झाले पण बॉर्डरपार न्यायचा धंदा त्यानंतरही चालू राहिला. ज्याला हे सगळं निभावायचंय त्याने खुशाल विकत घ्यावा. बाकीच्यांनी आधी लीज करून बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी १ : लीजचे प्रकार ओळखा

हाफ लीज किंवा पार्ट लीज म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस, बहुतेक तीन, घोडा तुमचा आणि उरलेले दिवस मालकाचा किंवा दुसऱ्या लीजवाल्याचा. खर्च साधारण निम्मा. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं, आणि ते पण ऑन-साईट, म्हणजे घोडा आहे त्याच बार्नमध्ये राहणार, तोच ट्रेनर, तोच नालबंद, तेच चारा-पाणी.

फुल लीज म्हणजे सातही दिवस घोडा तुमचा, सगळा खर्च पण तुमचा, आणि बऱ्याचदा त्यावर लीज फी वेगळी. ही फी ठरवायचा इथला रूढ हिशोब म्हणजे घोड्याच्या बाजारभावाच्या पाव ते एक तृतीयांश, वर्षाला. शोमध्ये जिंकणाऱ्या घोड्यांना हे हमखास लागतं.

फ्री लीज किंवा केअर लीज हे नाव ऐकून आपली माणसं खूश होतात, फुकट आहे ना. फुकट फक्त लीज फी असते, बोर्ड (घोड्याच्या राहण्या-खाण्याचा खर्च), नाल, डॉक्टर, औषधं सगळं तुमच्या अंगावर. आणि मालक फी का घेत नाही याला कारण असतं, घोडा वयस्कर असतो, गोळ्या-इंजेक्शनं चालू असतात किंवा मालकाला खर्च झेपत नसतो. चांगले फ्री लीज पण असतात, मुलगी कॉलेजला गेलीय आणि घरच्यांना घोडा विकवत नाही असे. पण त्यात शिरायच्या आधी डॉक्टरांच्या जुन्या बिलांच्या कॉप्या मागून घ्या, मागच्या दोन वर्षांच्या तरी.

चौथा प्रकार लीज विथ ऑप्शन टू बाय, म्हणजे लीजवरचा घोडा पुढे विकत घ्यायची मुभा. याचं शेवटी बोलू.

पायरी २ : मुलगी तयार आहे का, आणि तुम्ही

वॉक (चालणं), ट्रॉट (दुडकी), कँटर (हळू दौड) तिन्ही चाली एकटीने सांभाळता येतात का, घोडा स्टॉलमधून काढून खरारा करून चारही खूर साफ करून सॅडल चढवून परत सगळं उतरवून जागेवर ठेवणं कोणी न सांगता जमतं का, घोडा बिचकला तर ही शांत राहते का. याचं उत्तर आईबापाने द्यायचं नाही, ट्रेनरकडून घ्यायचं. ट्रेनर लेसन देतेच आहे, तिला लीजमधून कमिशनही मिळू शकतं, म्हणून थेट विचारा की या लीजमध्ये तुमचं कमिशन किती आणि ते कोण देणार. १० ते १५ टक्के इथे नॉर्मल आहे, विचारण्यात काही वाईट दिसत नाही, उलट न विचारता नंतर कळलं की मनात राहतं.

आता तुमचं. आठवड्यातून तीन-चार वेळा गाडीने सोडणं-आणणं, जाण्यायेण्याचा वेळ सोडून तिथले दोन तास, जानेवारीतल्या थंडीत पण. बार्न घरापासून पाऊण तासावर असेल तर पहिला उत्साह ओसरल्यावर शाळेच्या दिवशी जाणं होत नाही आणि पैसे मात्र जात राहतात. वीस-पंचवीस मिनिटांच्या आत मिळत असेल तर थोडा कमी भारी घोडा चालेल.

पोनी की घोडा हा प्रश्न पण इथेच येतो. उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच, आणि १४.२ हँडपर्यंत, म्हणजे १४ हँड आणि वर २ इंच, एकूण ५८ इंचापर्यंत पोनी. दहा वर्षांच्या मुलीला पोनी झकास बसतो पण पोरं एका उन्हाळ्यात ताडमाड वाढतात, आणि इथेच लीजचा फायदा दिसतो, वर्षाने पोनी परत आणि मोठा घोडा घ्या. वजनाचा नियम असा धरतात की स्वार आणि सॅडल मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ५०० किलोच्या घोड्याला १०० किलो, पण ३०० किलोच्या पोनीला ६०च. बाबांना पण मधूनमधून बसायचं असेल तर पोनीचा विचार सोडा.

पायरी ३ : कागदावर हिशोब मांडा

आकडे बार्नप्रमाणे खूप बदलतात, हे फक्त पद्धत कळावी म्हणून. समजा बोर्ड म्हणजे राहणं, गवत, दाणा, स्टॉल साफ करणं महिन्याला १,००० डॉलर. नालबंद, इथे फॅरियर म्हणतात, दर सहा ते आठ आठवड्यांनी येतो, चारही पायांना नाल २५० धरले आणि सहा आठवड्यांनी धरलं तर महिन्याला १८० पडतात. नुसतं खूर कापून चालत असेल तर फारच कमी. लसी, दातांची धारदार टोकं घासून काढणं, जंताचं औषध, रक्ततपासणी असा रुटीन डॉक्टर वर्षाला १,००० म्हणजे महिन्याला ८५च्या आत. एकूण झाले १,२६५च्या आसपास.

हाफ लीजमध्ये याचे निम्मे, ६३० वगैरे. फुल लीजमध्ये हे सगळे, शिवाय १५,००० डॉलरच्या घोड्याची ३० टक्क्यांनी वर्षाची फी ४,५०० म्हणजे महिन्याला ३७५, मिळून १,६४०. मालकाला महिन्याला १,२६५ लागतात आणि तुम्हाला १,६४०, वर सांगितलं ते हेच. बदल्यात १५,००० अडकले नाहीत आणि मुदत संपली की घोडा त्याच्या घरी. लेसनचे पैसे या सगळ्याच्या वर असतात हे लोक विसरतात, आठवड्याला ८० डॉलरचा एक लेसन म्हटला तरी महिन्याचे साडेतीनशे. शो करायचे असतील तर एंट्री, ट्रेलर, ट्रेनरची दिवसाची फी, तो वेगळाच खड्डा आहे, त्याचं बजेट वेगळं ठेवा.

सामानापैकी हेल्मेट आणि टाचेचे बूट स्वतःचेच हवेत. हेल्मेटवर एएसटीएम एफ११६३ आणि एसईआयचा शिक्का बघूनच घ्या, सायकलचं हेल्मेट अजिबात चालत नाही, आणि डोक्यावर एकदा पडलं की वरून ठीक दिसलं तरी बदलायचं. जुनं कोणाचं वापरलेलं घेऊ नका, किती वेळा आपटलंय ते कळत नाही. खोगीर मात्र शक्यतो घोड्याचंच वापरा, ते त्याच्या पाठीला बसवलेलं असतं, मुलीसाठी हौसेने नवं आणाल आणि त्याच्या पाठीला घासेल.

पायरी ४ : घोडा शोधणं

पहिला शोध स्वतःच्याच बार्नमध्ये. ट्रेनरला सांगून ठेवा आणि नोटीस बोर्ड बघत जा. उन्हाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या आसपास चौकशी वाढवा कारण बारावी संपवून मुली कॉलेजला निघतात आणि त्यांचे घोडे रिकामे होतात, असे घोडे मुलांना सवयीचे असतात आणि मालकाला पैशांपेक्षा चांगलं घर हवं असतं. पोनी क्लबमध्ये, म्हणजे मुलांच्या घोडेस्वारीच्या क्लबमध्ये, पण हा फेरा सतत चालू असतो, एकाचा पोनी लहान झाला की तो खालच्या वयाच्या मुलीकडे जातो. ऑनलाईन जाहिराती बघायला हरकत नाही पण दोन-तीन तासांवरचा अनोळखी घोडा आणि अनोळखी मालक हे पहिल्या लीजला नकोच.

जाहिरातीची भाषा वाचायला शिका. ‘कॉन्फिडंट रायडर हवा’ म्हणजे घोडा तापट असण्याची शक्यता धरून चला. ‘फ्लॅट ओन्ली’ म्हणजे उडी मारायची नाही, पायांचं काहीतरी आहे, पण फक्त शिकायचंय तर असा घोडा उत्तम असू शकतो. ‘मेंटेनन्स’ लिहिलं असेल तर नक्की काय ते विचारा, सांध्यातली इंजेक्शनं का, रोजची गोळी का, खास नाल का, आणि त्याचे पैसे कोण देणार.

पायरी ५ : बघायला जाणं आणि ट्रायल

सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत घोड्याला काम देऊ नका. तासभर पळवून दमवलेला घोडा कोणताही शांत दिसतो. तो स्टॉलमध्ये कसा उभा आहे बघा, माणूस आत गेल्यावर कान मागे टाकतो का, लाकूड दातात धरून हवा गिळतो का. खरारा करताना, पाय उचलताना, तंग आवळताना चावायला येतो का. मग मालक किंवा त्यांच्याकडचं कोणी आधी बसेल, मग तुमची ट्रेनर, शेवटी मुलगी. मालक स्वतः बसायला तयार नसेल आणि बसणारं दुसरं कोणीही नसेल तर नमस्कार करून निघा.

एका भेटीवर ठरवू नका. दुसऱ्यांदा वाऱ्याच्या किंवा थंडीच्या दिवशी जा, तेव्हा घोड्याचा खरा स्वभाव दिसतो. आठवडा-दोन आठवड्यांची ट्रायल मिळाली तर फारच छान, पण ट्रायलचा पण एक पानाचा कागद करा, त्या काळात काही झालं तर कोण भरणार एवढं तरी त्यात असू दे.

पायरी ६ : डॉक्टर

लीजच तर आहे, तपासणी कशाला, असं बरेच लोक म्हणतात. मी म्हणते हाफ लीजला निदान साधी तपासणी करा आणि फुल किंवा फ्री लीजला पूर्ण. डॉक्टर मालकाचा नेहमीचा नको, दुसरा. हृदय, डोळे, दात, पाठ, प्रत्येक पाय वाकवून धरून मग ट्रॉट करायला लावून लंगडतो का बघणं, इतकं तरी हवंच. फुल लीजला पुढच्या खुरांचे आणि मागच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढून ठेवले तर ते तुमच्या कामाचे असतात, वर्षाने घोडा परत करताना ‘हे तुमच्याकडे झालं’ असा वाद निघाला तर आधीचं काय होतं ते दाखवता येतं. सोळा वर्षांच्या घोड्यात काहीच सापडणार नाही असं होत नाही. डॉक्टरला एवढंच विचारायचं की आम्हाला जे काम करून घ्यायचंय ते हा दोन वर्षं आरामात करेल का.

कॉगिन्स टेस्टचा कागद बघा. ही इक्वाईन इन्फेक्शस अॅनिमियाची रक्ततपासणी, या रोगाला लस नाही आणि औषध नाही, घोडा पॉझिटिव्ह आला तर जन्मभर वेगळा ठेवायचा, बाकीच्या घोड्यांपासून किमान २०० यार्ड लांब, नाहीतर त्याला मरण द्यायचं. निगेटिव्ह कागदाशिवाय घोडा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, शोमध्ये पण विचारतात. लसींमध्ये धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाईल आणि ईस्टर्न-वेस्टर्न एन्सेफलायटिस या मूळ लसी झालेल्या हव्यात.

पायरी ७ : करार, इथे घाई नको

आपल्याकडे ओळखीत लिहून घेणं म्हणजे विश्वास नाही असं वाटतं. इथे उलट आहे, मालकालाच कागद हवा असतो, आणि जो मालक ‘अहो कशाला कागद’ म्हणतो त्याच्याशी करार तर अजून नीट करा.

साध्या गोष्टी आधी. दोन्ही बाजूंची नावं, घोड्याचं वर्णन, मुदत कधीपासून कधीपर्यंत, फी किती आणि कोणत्या तारखेला. हाफ लीजमध्ये वार नावानिशी लिहा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवार कोणाचा यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरून पण होत नाहीत. सुट्टीच्या दिवशी, शोच्या वीकेंडला काय. तुमच्या मुलीशिवाय कोण बसू शकतं, धाकटा भाऊ, मैत्रीण, इंडियातून आलेली चुलत बहीण. मालक बहुतेक नाहीच म्हणतात, ते मान्य करा. उडीची कमाल उंची किती, आठवड्यातून किती वेळा उडी. बार्नबाहेर ट्रेलला एकटीने जायचं की नाही.

आणि आपल्या लोकांनी हे विसरायचं नाही, इंडिया ट्रिप. डिसेंबरात नाहीतर उन्हाळ्यात आपण तीन-चार आठवडे गायब होतो. घोडा पॉझ करता येत नाही, बोर्ड चालूच राहतो, आणि महिनाभर कोणी हलवला नाही तर त्याचा फिटनेस जातो. तेव्हा त्या काळात कोण बसणार, फी पूर्ण द्यायची की निम्मी, हे आधीच करारात घाला. मालक ऐकतात, फक्त तिकीट काढल्यावर सांगितलेलं त्यांना आवडत नाही.

आता करारातला खरा मुद्दा, घोडा लंगडला तर काय. घोडा लंगडणार हे धरूनच चला, कधी ना कधी होतंच. खुरात पू झाला तर एक-दोन आठवड्यांत मोकळा, पण टेंडनची दुखापत असेल तर सहा महिने ते वर्ष. आता विचार करा, तुम्ही वर्षाची लीज केलीय, तिसऱ्या महिन्यात घोड्याचा टेंडन गेला, मुलगी बसू शकत नाही, बोर्ड चालू, फी चालू, डॉक्टर चालू, शिवाय रोज हाताने धरून फिरवायचा आणि पायावर थंड पाणी मारायचं. करारात काही लिहिलेलं नसेल तर उरलेले नऊ महिने हेच. मालकाच्या बाजूने बघितलं तर त्यालाही वाटतं की चांगला घोडा दिला होता, तुमच्याकडे असताना लंगडला, मग मी का भरू. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि म्हणूनच हे घोडा धडधाकट असताना ठरवायचं.

मला पटणारी मांडणी अशी. घोडा कामाचा आहे की नाही हे एका ठरलेल्या डॉक्टरने सांगायचं, नाव करारात. डॉक्टर म्हणाला ३० दिवसांच्या आत बरा होईल तर सगळं आहे तसं चालू. त्याच्या वर गेला तर लीज फी थांबेल पण बोर्ड, नाल चालू. ६० दिवसांच्या वर जाणार असेल तर तुम्हाला नोटीस देऊन बाहेर पडायची मुभा आणि आगाऊ भरलेली फी हिशोबाने परत. उपचाराचा खर्च वयाने किंवा जुन्या दुखण्याने आला असेल तर मालकाचा, तुमच्या ताब्यात असताना अपघात झाला असेल तर एका ठरलेल्या आकड्यापर्यंत तुमचा. आकडे तुमचे तुम्ही बदला, पण हे चार प्रश्न रिकामे सोडून सही करू नका. मालक यातलं काहीच मान्य करत नसेल तर वर्षाऐवजी महिन्याच्या बोलीवर हाफ लीज मागा, ३० दिवसांची नोटीस दोन्ही बाजूंनी. पहिल्या लीजला मी तरी हेच पसंत करीन.

मग इमर्जन्सी. रात्री दोन वाजता कॉलिक झालं, म्हणजे पोटशूळ, मालक फोन उचलत नाही, डॉक्टर विचारतोय हॉस्पिटलला न्यायचा का. आमच्या बाजूला बहुतेक घोडे पेन युनिव्हर्सिटीच्या न्यू बोल्टन सेंटरला जातात, केनेट स्क्वेअरला, केंटकी डर्बीची शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्यावर २००६ मध्ये उपचार झाले ते हेच. कॉलिकचं ऑपरेशन सहज दहा हजार डॉलरच्या पुढे जातं. म्हणून मालकाने आधीच लिहून द्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, न विचारता किती डॉलरपर्यंत उपचार चालतील, मालक सापडला नाही तर दुसरा कोण निर्णय घेईल, आणि घोडा वाचत नसेल तर त्याला झोपवायचा निर्णय कोणाचा. वाचायला वाईट वाटतं, पण हा निर्णय बारा वर्षांच्या मुलीच्या आईवर मध्यरात्री येऊ नये.

उरलेलं पटकन. मुदतीत मालकाने घोडा विकायला काढला तर तुम्हाला पहिली संधी आणि किती दिवसांची नोटीस. बार्न बदलायचा असेल तर परवानगी. खोगीर, लगाम, ब्लँकेट, हॉल्टर जे जे घोड्याबरोबर येतंय त्याची यादी फोटोसकट. हे सगळं एखाद्या घोड्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडून वाचून घेतलं तर काहीशे डॉलर जातील, फुल लीजला ते घालावेत.

पायरी ८ : इन्शुरन्स

घोड्याचा मॉर्टॅलिटी इन्शुरन्स, म्हणजे घोडा दगावला तर पैसे देणारा, वर्षाला साधारण किमतीच्या ३ ते ४ टक्के पडतो, त्यावर मेडिकल वेगळा. फुल लीजमध्ये प्रीमियम बहुतेक लीजवाला भरतो आणि पैसे मालकाला मिळतात, ते बरोबरच आहे. पण नियम वाचा, घोडा आजारी पडला की कंपनीला लगेच कळवावं लागतं आणि झोपवायच्या आधी त्यांची संमती लागते, नाहीतर क्लेम नाकारतात. तो फोन नंबर बार्नच्या दारावर लावून ठेवा.

दुसरा इन्शुरन्स आपल्यासाठी. घोड्याने कोणाला लाथ मारली, सुटून रस्त्यावर गाडीला धडकला, तर. बहुतेक राज्यांत, न्यू जर्सीत पण, घोड्यांच्या धोक्याबद्दलचे कायदे आहेत आणि बार्नवर तशी पाटी लागलेली दिसेल, पण ते कायदे मुख्यतः स्वाराने स्वतः पत्करलेल्या धोक्याबद्दल आहेत, रस्त्यावरच्या गाडीवाल्याला ते लागू नाहीत. होमओनर्स पॉलिसीवाल्याला ईमेल करून विचारा की लीजवरच्या घोड्यामुळे झालेलं नुकसान धरता का, उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर वेगळी लायबिलिटी पॉलिसी घ्या. मुलीचा हेल्थ इन्शुरन्स चालू आहे ना ते पण बघून घ्या, पडणं हे होणारच.

पायरी ९ : पहिले काही आठवडे

मालक, ट्रेनर, दुसरा लीजवाला आणि तुम्ही असा व्हॉट्सअॅप ग्रुप करा आणि प्रत्येक राईडनंतर दोन ओळी टाकायची सवय मुलीला लावा, किती वेळ, काय केलं, पाय गरम लागला का, नाल सैल वाटला का. यावरून मालकाचा विश्वास बसतो आणि घोड्याला दोघींनी मिळून एकाच दिवशी दमवलं असं होत नाही.

मुलीला तापमान आणि नाडी घ्यायला शिकवा. तापमान ९९ ते १०१.५ फॅरनहाईट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. घोडा पोटाकडे वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, शेण टाकलं नाही, खात नाही, म्हणजे कॉलिक असू शकतं, डॉक्टरला फोन आधी आणि गूगल नंतर. रोजचं खाणं वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो गवत, आणि थंडीत पाण्याची बादली गोठलीय का बघणं.

आजी-आजोबा इकडे आले की घोडा बघायला हौसेने येतात आणि पिशवीत गूळ नाहीतर पेढे असतात. प्रेमळपणे थांबवा. लीजवरचे घोडे बऱ्याचदा वयस्कर असतात, काहींना इन्सुलिनचा त्रास असतो आणि साखरेने त्यांच्या खुरांना सूज येते, लॅमिनायटिस म्हणतात, त्यातून घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. गाजराचा एखादा तुकडा, तो पण मालकाला विचारून आणि हातावर सपाट ठेवून. आणि गावाकडे गोठ्यात जाऊन आलेले बूट इथल्या बार्नमध्ये धुतल्याशिवाय घालू नका. कस्टमच्या फॉर्मवर जनावरांजवळ गेला होतात का हा प्रश्न उगीच नसतो. लाळ-खुरकूत घोड्यांना होत नाही, पण बऱ्याच बार्नमध्ये शेळ्या-गाई असतात आणि त्यांना होतो.

पायरी १० : संपवणं, वाढवणं किंवा विकत घेणं

मुदत संपायच्या दोन महिने आधी मालकाशी बोला. वाढवायचं असेल तर नवीन कागद, जुन्यावर तारीख खोडून नाही, कारण घोड्याचं वय एका वर्षाने वाढलेलं असतं आणि मेंटेनन्स पण.

ऑप्शन टू बाय असेल तर किंमत सुरुवातीलाच करारात आकड्याने लिहिलेली हवी आणि भरलेल्या फीपैकी किती किमतीतून वजा होणार ते पण. मुलीने वर्षभरात शिकवून घोडा चांगला केला आणि मग मालकाने भाव वाढवला असं होऊ शकतं. वर्षभर त्याच घोड्याला चारही ऋतूंत सांभाळून झाल्यावर, त्याची डॉक्टरची बिलं स्वतः भरून झाल्यावर जर घरातल्या सगळ्यांना अजूनही तो हवा असेल तर घ्या, तेव्हा तुम्हाला त्याच्याबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं कोणत्याही तपासणीत कळत नाही. पण वर तो ४८,०००चा हिशोब दिलाय तो नवऱ्याबरोबर बसून परत एकदा करा.

परत करायचा असेल तर शेवटच्या आठवड्यात नालबंद येऊन गेलेला असू दे, लसींच्या तारखा लिहून द्या, डॉक्टरकडून छोटी तपासणी करून रिपोर्ट मालकाला पाठवा, यादीप्रमाणे सामान मोजून फोटो काढा. तुम्ही घेतलेली ब्लँकेट, ब्रश, फ्लाय मास्क यावर नाव घालून आधीच वेगळं काढा. बोर्डचं, डॉक्टरचं, नालबंदाचं शेवटचं बिल बार्नच्या ऑफिसमधून मागून घ्या, ती बिलं महिना-महिना उशिरा येतात, आणि सगळं चुकतं झाल्यावर मालकाकडून ‘हिशोब पूर्ण, डिपॉझिट परत केलं’ असा ईमेल आल्याशिवाय तो फोल्डर डिलीट करू नका.